वैशाखातली लाल रेघ

माह्या जावयानं पोळ्याच्या दिवशी सकाळी, मले न विचारता, गोदामाच्या दाराले रंधा मारून घेतला.

जावयानं सासुरवाडीत येऊन तूप जास्त मागावं, गादी टोचते म्हणून कुरकूर करावी, मी काही म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या घरचं दार तासायचं हे कोण्या पाहुण्याचं लक्षण? दार सागाचं. माह्या पोराच्या, किशोरच्या बाबांनी, म्हणजे माह्या नवऱ्यानं, सोता उभं राहून बसवून घेतलेलं. पावसाळ्यात ते अडकते. खांदा लावून लोटावं लागते. अश्विनरावांचा खांदा दुखला. तर त्याइनं बडनेऱ्याहून सुतार बोलावला. पोळ्याले आमी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाही अन् हे दारावर रंधा फिरवून राह्यले! मी न्हाणीतून बाहेर येईतोवर दाराची बोटभर साल खाली पडली होती. सुतार हसून म्हणे, "आजी, पाहा, आता एका बोटानं उघडते."

मी त्याले चहासुदिक पाजला नाही.

दाराचं एवढं लावून धरलं, कारण त्या दारामागं विमान आहे. खेळण्यातलं नाही, दोन माणसं बसतीन असं. माही नात आकांक्षा ते बनवून राहिली. किशोरची पोरगी, सत्तावीस वर्षांची. नागपूरले विमानं दुरुस्त करायच्या ठिकाणी नोकरी करते, अन् शनिवार आला की गाडीत बसून बडनेऱ्याले उतरते. पाच वर्षांपासून असं चालू आहे. विमान परदेशातून लाकडी पेट्यांत आलं, तुकडे तुकडे. पत्रे, दांड्या, हजारोंनी रिव्हेट अन् एक जाड पुस्तक. कापूस ठेवायचं गोदाम आमी तिले मोकळं करून दिलं. आजूबाजूच्या बाया विचारत, "चतुराबाई, उडीन का वं ते?" मी म्हणे, "तुमचा नवरा पारावरून उठीन त्याच्या आधी उडीन."

मी चौथी शिकली. पुस्तकातलं इंग्रजी मले वाचता येत नाही. पण पाच वर्षं त्या पोरीच्या बाजूले मोढ्यावर बसून रिव्हेटा निवडल्या, पत्र्याची दुसरी बाजू धरली. कोणता तुकडा कुठं जाते ते मले किशोरपेक्षा जास्त समजते.

आता काम कुठं अडलं ते सांगते. पंख धडाले दोन जागी धरून असते. पुढं जाड दांडा, त्याची भोकं कारखान्यातूनच पडून आलेली. मागं एक बारीक दांडी, तिचं भोक घरी पाडायचं. त्या एका भोकानं पंखाची मागची बाजू किती वर अन् किती खाली ते कायमचं ठरते. दोन पंख सारखे बसले नाही तर विमान हवेत एका कुशीवर लोळते. अन् भोक दांडीच्या काठापासून पुस्तकात लिहिलं तेवढं आत पाहिजे. काठाशी गेलं तर दांडी तिथूनच फाटते, तीही वर आभाळात. चुकलेलं भोक बुजवता येत नाही. दांडीच नवी टाका, म्हणजे पंख उसवा, म्हणजे आकांक्षाची दोन वर्षं मातीत.

उत्तरेकडचा पंख मागच्या रविवारी बसला. काही तक्रार नाही. दक्षिणेकडचा राहिला होता.

आता ती रेघ. वैशाखात अश्विनराव आले होते तेव्हा त्याइनं लेझरचं यंत्र आणलं होतं. माही पोरगी पौर्णिमा त्याइले दिलेली आहे, म्हणजे आकांक्षाचे ते आतोबा. अकोल्याले कारखान्यात मशीन बसवायचं त्याइचं काम, अन् कामात माणूस हुशार, ते मी नाकारत नाही. त्याइनं यंत्र मधात ठेवलं, चारी भिंतींवर एका पातळीत लाल रेघ मारली, अन् आकांक्षाले म्हणाले, "आता लेव्हलची कटकट संपली. प्रत्येक माप या रेघेवरून घ्यायचं. आमच्या कारखान्यात आम्ही असंच करतो. वीस वर्षांपूर्वीची रेघ अजून चालते."

जन्म अकोल्याचा, पण दोन वर्षं पुण्याले काढली तेव्हापासून असंच पुणेरी बोलतात.

तर पोळ्याच्या दुपारी आकांक्षानं दक्षिणेचा पंख धडाले लावला. पंखाचं टोक अन् भिंत यांच्यात हातभर जागा. पंखाची पुढची बाजू अन् मागची बाजू भिंतीवरच्या रेघेपासून सारखी मापली, पंखाखाली ठेवलेल्या लाकडी घोड्यावर तो टेकवला, मागच्या दांडीवर पेन्सिलनं भोकाची खूण केली. अन् पोरगी मटकन खाली बसली.

"काय झालं वं?"

"आजी, भोक काठावर येऊन राह्यलं."

"किती?"

"चार-पाच मिलिमीटर."

"मले मिलिमीटर नको सांगू."

तिनं बोटाचं पेर दाखवलं, मग म्हणे, "तुरीच्या दाण्याएवढं."

तुरीचा दाणा. तेवढ्यानं पोरीचा चेहरा राखेसारखा झाला. तिच्याजवळ एक आकडेवाला लेव्हल आहे, ठेवला की किती कलते ते आकड्यात दाखवते. तिनं तो पंखावर ठेवला. तो वेगळंच सांगे. त्याच्या हिशेबानं मागची बाजू गरजेपेक्षा वर होती. अश्विनरावांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला अन् म्हणाले, "हे खेळणं आहे, आकांक्षा. रेघ जर्मन लेझरची आहे. रेघ खोटं बोलत नाही. तुझा पंखच बनवताना पिळला गेला आहे."

"आतोबा, पंख पिळला असता तर मले दिसला असता. मी दर आठवड्याले ओळंबे सोडून पाह्यला."

"मग भोक काठावर कसं?"

ती परत दांडीवर वाकून खूण पाहू लागली. ते पुढं म्हणाले, "घाबरू नकोस. दांडीचा काठ कानशीनं साफ करू, बाजूनं एक पट्टी मारू, अन् पाडू भोक. उद्या सकाळी आठला मी स्वतः पाडून देतो."

"पुस्तकात असं करायले मनाई आहे."

"पुस्तकं घाबरट लोक लिहितात."

किशोर दारात उभा. त्याच्याकडं पोरीनं पाह्यलं. तो म्हणे, "भाऊजी म्हणतात त ठीकच असन बेटा. नाहीतर पंख उसवशीन, अन् मग दोन वर्षं काय, तू परत हात लावशीन का?" नंतर मले बाजूले घेऊन हळूच, "आई, यावेळी बसलं त बसलं. नाहीतर मी सगळं पेटीत भरून ठेवतो. पोरीचं वय चाललं."

म्हणजे इकडं कानस, तिकडं पेट्या. मधात माही नात.

आमच्या घरात एक रीत आहे: सणाले आलेला जावई जेवून हात धुवेपर्यंत त्याले कोणत्याच गोष्टीले नाही म्हणायचं नाही. माह्या सासूनं पाळली, मी पाळते. म्हणून पुरणपोळी वाढली, तुपाची धार धरली, अन् अश्विनराव ताटावर बसून पौर्णिमाले सांगत होते की आकांक्षानं फार मेहनत केली पण घाई झाली, ते सगळं ऐकून घेतलं. दोन वर्षांत एक पंख केला तिनं. ती घाई! तूप वाढताना धार ताटाबाहेर गेली. पौर्णिमानं माह्याकडं पाह्यलं अन् ताट मुकाट्यानं पुढं सरकवलं. पोरगी मले ओळखते.

जेवणं झाली. मी खराटा घेऊन गोदामाकडं गेली. दारापुढं सुताराच्या साली तशाच पडलेल्या. झाडता झाडता दाराचा खालचा काठ पाह्यला. रंधा सगळीकडं सारखा लागला नव्हता. बिजागरीकडं जराही नाही, अन् दक्षिणेच्या कोपऱ्याकडं बोटभर. म्हणजे उंबरठा तिकडूनच उठून दाराले दाबत होता.

आता हे मले नवीन नाही. आमची काळी जमीन. उन्हाळ्यात तिले अशा भेगा पडतात की चप्पल जाईन. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, अन् जे वर उभं आहे ते उचलते. घर, गोदाम, चौकट, सगळं. दिवाळीनंतर परत खाली बसते. म्हणून किशोरचे बाबा सांगत, पावसाळ्यात अडकलेल्या दाराले हात लावायचा नाही. आता तासलं तर माघात फट पडीन. इथल्या सगळ्या जुन्या माणसाइले हे ठाऊक आहे. ते दार चाळीस वर्षं पावसाळाभर खांद्यानं उघडलं, अन् चाळीस वर्षं हिवाळ्यात नीट मिटलं.

खराटा हातातच राहिला. दार अडकते कारण भिंतीचा कोपरा उठते. रेघ कुठं आहे? भिंतीवर. मारली कधी? वैशाखात, जमीन वाळून खडक झाली होती तेव्हा. अन् आता पोळा.

कारखान्यात खाली खोल काँक्रीट भरलेलं असते. तिथली रेघ वीस वर्षं चालत असन. आमच्या भिंतीखाली काय आहे? दीड हात दगड, अन् त्याच्याखाली तीच काळी माती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तान्हा पोळा. रस्त्यानं लेकरं लाकडी नंदी ओढत चालली होती. मी माळ्यावरून पाण्याची नळी काढली. घर बांधताना मिस्त्री पातळी पाहाले वापरत ती, पंचवीस-तीस हात लांब, पारदर्शक; दोन्ही टोकांले पाणी एकाच उंचीवर राहते. धुतली, बोअरचं पाणी भरलं, आकांक्षाले हाक मारली.

"आजी, हे काय?"

"तुह्या आतोबाचं लेझर अकोल्याले आहे. माहं इथंच आहे. धर."

आठला अश्विनराव आले. हातात कानस, मागं किशोर अन् पौर्णिमा. मी मोढा दक्षिणेच्या पंखापुढं ठेवला अन् त्याच्यावर बसली.

"मामी, जरा बाजूला होता?" जावई मले मामी म्हणतात.

"नाही होत."

"मामी, तुम्ही यात पडू नका. हे तांत्रिक काम आहे."

"मी पडली कुठं, मी तं बसली. आधी तुमी एक काम करा. ही नळी धरा."

त्याइनं नळीकडं असं पाह्यलं जसं मी साप दिला. "पाण्याच्या नळीनं विमान लेव्हल करणार?"

"विमान नाही. तुमची रेघ."

किशोर म्हणे, "आई, काहून सकाळी सकाळी..."

"किशोर, तू उभा राह्य. तुले कोणी विचारलं नाही."

जावयानं कानस खिशात टाकली अन् हसत नळीचं टोक धरलं, म्हातारीचं मन राखायचं म्हणून. त्याइले मी दक्षिणेच्या भिंतीच्या मागच्या, दाराकडच्या कोपऱ्यात उभं केलं. दुसरं टोक घेऊन आकांक्षा त्याच भिंतीच्या पुढच्या कोपऱ्यात. मी सांगतलं, "आकांक्षा, तुह्याकडं पाणी रेघेवर आण."

"आलं आजी."

"अश्विनराव, तुमच्याकडं पाणी कुठं आहे?"

त्याइनं नळी डोळ्याजवळ नेली. मग म्हणाले, "नळीत हवा असेल."

"असू शकते. झटका." त्याइनं झटकली. आकांक्षानं पाणी परत रेघेवर आणलं. "आता?"

"खाली आहे."

"रेघेच्या किती खाली?"

त्याइनं बोट लावलं. एक बोट पुरतं. किशोर पुढं सरकला, डोळे बारीक करून पाह्यलं, अन् म्हणे, "भाऊजी, पाणी त सरळच असन ना?" मी त्याले पहिल्यांदा त्या दिवशी अक्कलवंत मानलं.

मग पंखाच्या टोकासमोर दोन ठिकाणी नळी लावली, पुढच्या बाजूसमोर अन् मागच्या बाजूसमोर. तिथं रेघ मागं जाता जाता जवळपास दोन तुरीचे दाणे वर चढली होती. पंख पुढच्या दांड्यावर फिरते, मागची दांडी मधात येते, म्हणून तिथं एक दाणा. तेवढंच भोक काठाकडं सरकलं होतं. मग उत्तरेच्या भिंतीवर मापलं. तिथली रेघ जशीच्या तशी, म्हणून तो पंख बिनतक्रार बसला. मी सांगतलं, काळी माती पावसाळ्यात फुगते, भिंत उचलते, अन् भिंतीसोबत रेघही.

आकांक्षा मटकन खाली नाही बसली या वेळी. नुसती पंखावर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे माहा पंख सरळ आहे," ती म्हणे. मले नाही, पंखालेच म्हणे.

अश्विनरावांनी नळी खाली ठेवली. पण माणूस हुशार, हे मी आधीच सांगतलं. त्याइच्या डोक्यात लगेच दुसरा प्रश्न आला. "मामी, जमीन फुगली हे मान्य. पण एकच कोपरा का? पाऊस तर दोन्हीकडं सारखा पडला."

ते बाहेर गेले. गोदामाले वळसा घातला. मी जागची उठली नाही, कारण ते काय पाहून येणार ते मले तेव्हाच उमगलं.

परत आले अन् म्हणाले, "मामी, त्या कोपऱ्याला लागून केळी कुणी लावल्या?"

मी लावल्या. मागच्या वर्षी, सहा खुंट, भिंतीले चिकटून, सावली राहते म्हणून. उन्हाळ्यात बोअर आटते तेव्हा तांब्यानं पाणी दिलं, पण ज्येष्ठापासून, पाऊस असो नसो, रोज बोअरचा पाइप तिथं सोडते. किशोरचे बाबा असते तर भिंतीपासून दहा हातांच्या आत थेंब पडू दिला नसता. दार कधी तासायचं नाही ते मी लक्षात ठेवलं, अन् पाणी कुठं सोडायचं नाही ते विसरली.

किशोर, पौर्णिमा, आकांक्षा, सगळे माह्याकडं पाहत होते. जावई कधी नव्हे ते बारीक हसत होते. वाटलं, म्हणावं की पौर्णिमानं लावल्या. ती बिचारी गप बसली असती.

"म्या लावल्या," मी म्हटलं. "चूक माही. किशोर, कुऱ्हाड आण."

"आई, घड लागला आहे दोनले..."

"घड गेला चुलीत. आण म्हटलं ना."

सहाही खुंट पाडले. एक मी सोता पाडला, बाकीचे किशोरनं. पाइप गुंडाळून बोअरपाशी टाकला. हात धुतले अन् परत मोढ्यावर येऊन बसली.

मग खरं काम झालं. भिंतीकडं कोणी पाह्यलंच नाही. आकांक्षानं नळीनं धड पुन्हा लेव्हल केलं. एका घोड्याखालची जमीनही उठली होती, तिथं पातळ पत्र्याच्या चकत्या काढल्या. पंखाच्या पुढच्या काठावरून चार ओळंबे सोडले, खाली दोरी ताणली. चारही ओळंबे दोरीले शिवले. मग शेपटाच्या टोकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत पट्टी लावून माप घेतलं. बाज विणायच्या आधी आमी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी लावून चौकट काटकोनात आहे का पाहतो, तसंच. दोन्हीकडं माप एक आलं. शेवटी ते खेळणं, आकडेवाला लेव्हल, आधी उत्तरेच्या पंखावर ठेवलं, मग दक्षिणेच्या. आकांक्षा घोड्यावरचा स्क्रू थोडा थोडा फिरवत होती, मागची बाजू केसभर खाली येत होती. दोन्हीकडं आकडा एक झाला तसा तिनं हात काढला.

पेन्सिलची नवी खूण पडली. तिनं काठापासून माप घेतलं. परत घेतलं. अश्विनरावाइकडं पट्टी दिली. त्याइनं चष्मा वर केला, वाकले, माप घेतलं.

"पुरेसं आहे," ते म्हणाले. "पुस्तकात आहे त्यापेक्षा दीड मिलिमीटर जास्तच." अन् सवयीनं ड्रिलकडं हात नेला. "चला, मी पाडून देतो."

मी काही बोलायच्या आधी आकांक्षानंच ड्रिल उचललं. "नाही आतोबा. माह्या पंखाचं भोक मीच पाडीन." त्याइनं हात मागं घेतला, ते बरं केलं. तिनं दांडी क्लॅम्पनं आवळली, बारीक पात्यानं सुरुवात केली, मग मोठं, मग त्याहून मोठं. चमकत्या तारेसारखी साल फिरत फिरत खाली पडली. मी ती उचलून पदरात बांधली. सुताराची साल मी उकिरड्यावर फेकली होती.

बोल्ट टाकला. बोटानं गेला. हातोडी लागली नाही.

पौर्णिमा चहा घेऊन आली. जावयाचा कप मी हातानं दिला, कारण मान आहे. ते एक घोट पिऊन म्हणाले, "मामी, शेवटी चूक तुमच्या केळीचीच निघाली."

घरातले सगळे माह्या तोंडाकडं पाहू लागले. मी मोढ्यावरून उठली.

"हो, अश्विनराव. केळी म्या लावल्या, म्या कबूल केलं, अन् तुमच्या डोळ्यापुढं पाडल्या. आता तुमचं ऐका. तुमी भिंतीले न विचारता रेघ मारली, मले न विचारता दार तासलं, अन् माह्या नातीच्या दोन वर्षांवर कानस घेऊन आले. एकाही गोष्टीले तुमच्या तोंडून 'माहं चुकलं' निघालं नाही. जावई आहात, पाट-ताटाचा मान तुमचा, तो मी मरेपर्यंत देईन. पण या गोदामात आजपासून तुमचं माप चालणार नाही, आकांक्षाचं चालीन. तिनं सांगतलं त नळी धरायची, नाही सांगतलं त बाहेर बसायचं. अन् त्या दाराले माघात बोटभर फट पडीन, तवा तुमीच येऊन नवं बसवून द्यायचं. सागाचंच. अन् वैशाखात बसवायचं, अश्विनराव, पावसाळ्यात आले त मी दाराबाहेरूनच चहा देईन."